कार्बोरेटरवाल्या मारुती ८००ला टर्बो बसवताना

७९६ सीसी, तीन सिलिंडर, ३७ ते ३९ हॉर्सपॉवर आणि गाडीचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरून आत जास्त हवा ढकलणारा पंखा, आणि बूस्ट म्हणजे त्या हवेचा वातावरणापेक्षा जास्तीचा दाब. या इंजिनाला ०.४ बार बूस्ट नीट दिला तर ताकद पन्नाशीपर्यंत जाते, आणि एवढ्या हलक्या गाडीत तो फरक दुसऱ्या गिअरलाच कळतो. ०.४ वर थांबायचं, हे काम सुरू करण्यापूर्वीच ठरवा. ०.८ बार दिलेल्या आठशेचे व्हिडिओ बघायला मिळतात, तिचं इंजिन पुढे किती टिकलं ते मात्र कोणी दाखवत नाही.

सुझुकीनं याच एफ मालिकेतल्या ५४३ सीसीच्या तीन सिलिंडर इंजिनाला टर्बो लावून १९८७मध्ये जपानात ऑल्टो वर्क्स काढली होती, ६४ पीएसची. त्यामुळे ‘हे इंजिन टर्बोचं नाहीच’ म्हणणाऱ्यांचं फार मनावर घेऊ नका. पण तिथे हेड (सिलिंडरवरचं, व्हॉल्व्ह असलेलं झाकण), पिस्टन, इंजेक्शन सगळं टर्बो धरूनच बनवलं होतं. आपल्या आठशेत यातलं काहीच नाही, म्हणून हे काम टर्बो बोल्टने आवळण्याचं कमी आणि तेल, पेट्रोल, उष्णता सांभाळण्याचं जास्त आहे. पैसेही तिकडेच जातात.

कायद्याचं आधीच बोललेलं बरं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलात असा बदल चालत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं आहे. पंधरा वर्षांपुढच्या गाडीला नोंदणी नूतनीकरणासाठी आरटीओत उभं राहावंच लागतं, तिथे बॉनेट उघडलं की टर्बो लपत नाही. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडकतो. खाली लिहिलेलं सगळं ट्रॅक, ऑटोक्रॉस आणि खासगी जागेवर चालवायच्या गाडीसाठी आहे.

इंजिन लायक आहे का

सगळे प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी पूर्ण चार्ज ठेवा आणि गरम इंजिनावर कॉम्प्रेशन मोजा. चांगल्या आठशेत ११ ते १२ किलो प्रति चौरस सेंटिमीटर मिळतं. पुण्यात मोजत असाल तर, शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर असल्यानं मॅन्युअलच्या आकड्यापेक्षा थोडं कमी येणारच, त्याला घाबरू नका. घाबरायचं ते फरकाला: तीन सिलिंडरमध्ये १ किलोपेक्षा जास्त फरक असेल तर टर्बोचा विषय बाजूला ठेवा. कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंगा गेल्या, नाही आला तर व्हॉल्व्ह किंवा गास्केट.

रिंगा बदलायच्याच असतील तर वरच्या रिंगचं तोंड (दोन टोकांमधली फट) ०.३० ते ०.३५ मिमी ठेवायला सांगा. टर्नर सवयीनं घट्ट बसवतो. बूस्टमध्ये रिंग जास्त तापते, तोंडं एकमेकांना भिडतात आणि ओतीव पिस्टनचा पहिल्या-दुसऱ्या रिंगमधला कडा तुटून येतो. या इंजिनात पिस्टन मरतो तो बहुतेक तिथेच.

हेड उतरवलंच असेल तर सरळ पट्टी आणि फीलर गेजनं सपाटी बघा, ०.०५ मिमीपेक्षा जास्त बाक असेल तर फेसिंग, म्हणजे घासून सपाट करून घ्या. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट याच वेळी नवे टाका.

कॉम्प्रेशन रेशो कमी करायला दोन गास्केट एकावर एक टाकण्याचा सल्ला गॅरेजात हमखास मिळतो. टाकू नका. हेड आणि पिस्टन यांच्यातली फट वाढली की मिश्रण नीट घुसळत नाही आणि नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकून ठोके बसणं) उलट वाढू शकतं, शिवाय दोन गास्केटच्या मधून पाणी झिरपतं. कार्बोरेटर मॉडेलचं ८.७ कॉम्प्रेशन रेशो ०.४ बारला चालतं.

कुठला टर्बो

साडेपाच हजार आरपीएमला, ०.४ बार बूस्टवर या इंजिनाला सेकंदाला साधारण ४० ते ४५ ग्रॅम हवा लागते. दोन पर्याय समोर येतात.

पहिला आयएचआयचा आरएचबी३१, जपानी ६६० सीसी गाड्यांचा. आकार अगदी मापाचा. त्याच्या ‘व्हीझेड२१’ नावाच्या नकला ऑनलाइन मिळतात, दर्जा नशिबावर. घ्यायचाच तर पाणी फिरणाऱ्या बॉडीचा घ्या.

दुसरा बोर्गवॉर्नरचा केपी३५, म्हणजे १.३ लिटर मल्टिजेट डिझेलच्या ७५ पीएस आवृत्तीवरचा. ही इंजिनं रांजणगावात बनत होती, त्यामुळे पुण्यात भंगारात आणि नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत विचारलं तर तो सापडणं अवघड नाही. ९० पीएसवाल्या इंजिनाचा टर्बो मात्र घेऊ नका, त्यात हलत्या पात्यांची टर्बाइन असते आणि पेट्रोलच्या उष्णतेत ती अडकते. केपी३५च्या दोन अडचणी धरून चाला. डिझेलची टर्बाइन साधारण ८०० ते ८५० डिग्री धुरासाठी बनवलेली असते, पेट्रोलचा धूर ९०० पार करतो. आणि त्याचा अ‍ॅक्च्युएटर डिझेलच्या हिशोबानं लावलेला असतो: बूस्ट ठरलेल्या दाबाला पोचला की धुराला टर्बाइनच्या बाजूनं वाट देणारा हा भाग एक बारच्या आसपास उघडतो. तसाच बसवला तर पहिल्याच ॲक्सिलरेशनला गास्केट जाईल. ०.३ ते ०.४ बारच्या स्प्रिंगचा वेगळा अ‍ॅक्च्युएटर लावा. रॉड लांब करून बूस्ट थोडाच कमी होतो, स्प्रिंगच्या खाली तो जात नाही.

जुना टर्बो घेताना शाफ्ट बोटात धरा. आडवा किंचित डुलला तर चालेल, तो तेलाच्या थरावर तरंगायलाच बनवलेला असतो. आत-बाहेर हलताना हाताला जाणवला तर ठेवून द्या. पंख्याच्या पात्यांवर कडेला चमकदार घासल्याची खूण दिसली तरीही नको.

मॅनिफोल्ड आणि धुराची बाजू

आठशेत एक्झॉस्ट पुढच्या बाजूला, रेडिएटरकडे तोंड करून आहे. टर्बोला जागा तिथेच, आणि ती तोकडी. म्हणून आधी टर्बो हवेत दोरीनं टांगून बॉनेट लावून बघा, रेडिएटरच्या पंख्यापासून किमान ४० मिमी अंतर ठेवा आणि मगच पाइप कापायला घ्या.

फ्लँज १० मिमी एमएस प्लेटमधून लेझर कटिंग करून घ्या, भोसरी एमआयडीसीत एवढ्या छोट्या कामालाही माणूस मिळतो. पाइपला शेड्यूल ४०चे सीमलेस बेंड वापरा. पातळ सायलेन्सर पाइप टर्बोचं वजन आणि लाल उष्णता पेलत नाही, दोन-तीन महिन्यांत वेल्डिंगच्या शेजारी चीर जाते. वेल्डिंग करताना फ्लँज भंगारातल्या जुन्या हेडवर बोल्टनं आवळून ठेवा, पूर्ण थंड होईपर्यंत सोडू नका आणि शेवटी तोंड मिलिंगला देऊन सपाट करा. हे मिलिंग टाळलं की पुढे गास्केट बदलत बसावं लागतं. टर्बोला ब्लॉकवरून एक आधाराची पट्टी द्या, पण तिचं भोक लांबट ठेवा. गरम झाल्यावर मॅनिफोल्ड वाढतो, त्याला सरकायला जागा हवी.

टर्बोच्या पुढचा पाइप ४५ ते ५० मिमी, मध्ये लवचीक बेलो. धुरातल्या ऑक्सिजनवरून मिश्रण मोजणाऱ्या वाइडबँड सेन्सरचा बंग (वेल्ड करायची आट्यांची बैठक) टर्बोपासून ४० ते ६० सेंटिमीटरवर, सेन्सर आडव्यापेक्षा किमान १० डिग्री वर झुकलेला. पाइपच्या खालच्या बाजूला बसवला तर सकाळच्या पहिल्या स्टार्टला साचलेलं पाणी त्याला फोडतं. मॅनिफोल्डवर आणि रेडिएटरच्या बाजूला पत्र्याची ढाल लावाच, पंख्याची मोटर आणि वायरिंग तिथून जवळ असतं.

तेल

टर्बो जगतो की मरतो ते इथे ठरतं. आणि इथलं काम सगळ्यात किचकट दिसत नसल्यानं लोक घाईत उरकतात.

तेल घ्यायचं ऑइल प्रेशर स्विचच्या जागेवरून, टी जोडून. जपानी इंजिनात तिथे बहुधा १/८ बीएसपीटी आटे असतात, दुकानात हातात पडतो तो १/८ एनपीटी. इंचाला २८ आटे आणि २७ आटे: दोन फेरे सहज जातात, तिसऱ्याला जोर लावला की ब्लॉकचे आटे खराब. आट्यांचं गेज लावून बघा, मगच पाना लावा. टर्बोपर्यंत ब्रेडेड होज घ्या आणि तो मॅनिफोल्डपासून लांब फिरवा. तोंडाशी १.२ ते १.५ मिमीचा रिस्ट्रिक्टर (बारीक भोकाची जोडणी) असू द्या. तेल जास्त गेलं तर सील ओलांडून इनटेकमध्ये आणि सायलेन्सरमध्ये येतं.

परतीच्या पाइपमध्ये दाब नसतो, तेल फेसाळ होऊन निव्वळ वजनानं खाली पडतं. म्हणून आतला व्यास १४ ते १६ मिमी हवा, उतार सलग हवा आणि तो ऑइल चेंबरमध्ये तेलाच्या पातळीच्या वर सुटला पाहिजे. मध्ये कुठेही पाइप वर चढता कामा नये. टर्बो जितका उंच बसवाल तितका हा उतार सोपा. चेंबर उतरवून बंग वेल्ड करा. गाडीवर चेंबर ठेवूनच भोक पाडायचं आणि ‘ग्रीस लावून किस धरू’ म्हणायचं, हा शॉर्टकट पंपापर्यंत लोखंडाचा किस पोहोचवतो.

गाडी आयडलला उभी असताना निळा धूर आणि चालताना धूर नाही, अशी तक्रार आली की सगळे सील बदलायला धावतात. आधी हा परतीचा पाइप बघा. मग पीसीव्ही, म्हणजे क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये नेणारा व्हॉल्व्ह. क्रँककेसमध्ये दाब साठला तरी तेल टर्बोतून खाली उतरत नाही.

पीसीव्हीच्या मॅनिफोल्डकडच्या नळीत एकमार्गी व्हॉल्व्ह टाका, नाहीतर बूस्ट थेट क्रँककेसमध्ये शिरतो आणि डिपस्टिक उडते. ब्रेक बूस्टर असलेल्या मॉडेलमध्ये त्याच्याही नळीतला एकमार्गी व्हॉल्व्ह तपासा.

इंजिनात जेमतेम तीन लिटर ऑइल असतं आणि तेच आता टर्बोही थंड करणार. १०डब्ल्यू-४० सेमी सिंथेटिक, दर ३,००० किलोमीटरला बदल, फिल्टरसकट.

इंटरकूलर

एप्रिल-मेच्या दुपारी ३५ डिग्रीची हवा कॉम्प्रेसरमधून साधारण ९० डिग्रीला बाहेर पडते, आणि नॉकिंगची सुरुवात तिथेच होते. छोट्या डिझेल हॅचबॅकचा इंटरकूलर, म्हणजे ही हवा थंड करणारा रेडिएटर, ग्रिलच्या मागे बसवला तर ती ५५च्या आसपास आणता येते. पाइप ३८ मिमी ॲल्युमिनियमचे, टोकांना बीडिंग (गोल उंचवटा) केलेले. गुळगुळीत टोकावरून नळी बूस्टमध्ये सुटतेच. इंटरकूलर रेडिएटरचं पूर्ण तोंड झाकणार असेल तर छोटा घ्या किंवा बाजूला सरकवा. संथ वेगातही रेडिएटरला हवा लागली पाहिजे. दोन कोअरचा रेडिएटर ही चैन नाही, गरज आहे.

पेट्रोल आणि ठिणगी

कार्बोरेटर ठेवून टर्बो लावता येतो. कार्बोरेटरनंतर टर्बो लावला तर पेट्रोल कॉम्प्रेसरमधून जातं, इंटरकूलर लावता येत नाही आणि बंद थ्रॉटलला निर्वात तेलाचे सील ओढतो. कार्बोरेटरच्या आधी टर्बो लावला तर फ्लोट बाउलला (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीला) बूस्टचा दाब द्यावा लागतो, पेट्रोलचा दाब नेहमी बूस्टपेक्षा ०.३ बार तरी वर ठेवावा लागतो आणि जेट बदलत बसावं लागतं. दोन्ही होतं, पण मिश्रण कुठल्या क्षणी पातळ झालं ते कळायला मार्ग नाही. एवढ्या खटाटोपापेक्षा इंजेक्शन घ्या.

एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) ८००चं इनटेक मॅनिफोल्ड मिळतं. सहा व्हॉल्व्ह आणि बारा व्हॉल्व्हची हेडं वेगळी, म्हणून तुमच्या हेडचं गास्केट सोबत नेऊन भोकं आणि पोर्ट जुळवून बघा. मूळ एमपीएफआयचा ईसीयू (पेट्रोल आणि ठिणगी ठरवणारा संगणक) कामाचा नाही, त्याचा मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा) वातावरणाच्या दाबावर थांबतो. स्पीडुइनो किंवा मेगास्क्वर्टसारखा स्वतंत्र ईसीयू आणि २.५ बारचा मॅप सेन्सर लावा. इग्निशन चालू, इंजिन बंद असताना पुण्यात सेन्सरनं ९४ ते ९५ किलोपास्कल दाखवलं पाहिजे. १०१ दाखवत असेल तर कॅलिब्रेशन चुकलं आहे आणि त्यावर केलेलं सगळं ट्यूनिंग वाया.

इंजेक्टर ३ बारला मिनिटाला १८० ते २०० सीसीचे. पन्नास हॉर्सपॉवरला प्रत्येकी १३० सीसी लागतात, वरचं राखीव. भंगारातले घेतले तर इंजेक्टर क्लीनिंगच्या बेंचवर एक मिनिट पूर्ण उघडे चालवून तिन्हींचं माप घ्या, ३ टक्क्यांहून जास्त फरक असलेला परत करा. एका सिलिंडरला पेट्रोल कमी गेलं तर वाइडबँडला फक्त सरासरी दिसते, पिस्टन मात्र त्याच सिलिंडरचा जातो.

मूळ मेकॅनिकल पंप काढून त्याच्या जागी ब्लँकिंग प्लेट लावा. ३ बारचा इलेक्ट्रिक पंप, आधी फिल्टर, रिटर्न लाइन आणि लिटरभराचा स्वर्ल पॉट (पंपासाठी पेट्रोल भरून ठेवणारं छोटं भांडं). आठशेच्या टाकीत वळणावर पेट्रोल एका कडेला जातं, पंप हवा ओढतो आणि बूस्टमध्ये क्षणभर मिश्रण पातळ होतं. इंजिन संपवायला तेवढा क्षण पुरतो. पंपाचा रिले ऑइल प्रेशरशी जोडा, म्हणजे इंजिन बंद पडल्यावर पेट्रोल फवारत राहणार नाही. आणि जुन्या सगळ्या रबरी नळ्या बदला. आता पंपावर मिळणारं ई-२० (२० टक्के इथेनॉलचं) पेट्रोल त्या फुगवतं, आणि टर्बोच्या शेजारी पेट्रोल गळणं म्हणजे आगच.

ई-२०मुळे दुसरी गोष्टही बदलते: त्याचं हवा-पेट्रोलचं योग्य प्रमाण १४.७ नाही, साधारण १३.५ आहे. म्हणून ट्यूनिंग लॅम्डावरच करा, म्हणजे योग्य प्रमाण १.० धरून. क्रूझला १.०, बूस्टमध्ये ०.८० ते ०.८२.

डेल्को (सिलिंडरांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) ठेवायचा तर त्यातली वजनं आणि व्हॅक्यूम ॲडव्हान्स लॉक करा, ठिणगीची वेळ ईसीयूला सांगू द्या आणि १० ते ३० डिग्रीच्या टप्प्यात रोटरचं टोक टर्मिनलसमोरच राहतं ना ते बघा. ईसीयूला क्रँकची जागा कळायला क्रँक पुलीवर ३६ दातांमधला एक कापलेलं चाक, सेन्सरची फट १ मिमीच्या आत. फायरिंग ऑर्डर १-३-२.

प्लग मूळपेक्षा एक पायरी थंड, फट ०.६ ते ०.६५ मिमी. एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड, मायको-बॉशमध्ये उलटं, आकडा कमी झाला की थंड. काउंटरवर ‘एक नंबर वरचा द्या’ म्हणाल तर बॉशचा गरम प्लग घेऊन याल.

सुरुवातीला बूस्टमध्ये ३,००० आरपीएमला पिस्टन वर पोचण्याआधी १२ डिग्री, ५,५००ला १६ डिग्री ठिणगी ठेवा. ०.५५ बारला बूस्ट कट, ६,०००ला रेव्ह कट. ठिणगी फार मागे ओढणंही सुरक्षित नसतं. जळण सायलेन्सरकडे ढकललं जातं, धुराचं तापमान चढतं आणि डिझेलची टर्बाइन आधी तक्रार करते.

पहिली सुरुवात

इंजिन सुरू करण्यापूर्वी इनटेकच्या तोंडाला झाकण लावून ०.५ बार हवा भरा आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारा. व्हॉल्व्ह उघडे असल्यानं थोडी हवा आत जाईल, जोडावर बुडबुडे मात्र दिसता कामा नयेत. मग टर्बोच्या तोंडात ऑइल ओता, प्लग काढून आणि इंजेक्टरचा फ्यूज काढून परतीच्या पाइपमधून तेल टपकेपर्यंत स्टार्टर द्या, दहा-दहा सेकंदांनी थांबत.

सुरू झाल्यावर पंधरा मिनिटं आयडल, मग थंड करून मॅनिफोल्डचे नट पुन्हा आवळा. पहिले शंभर किलोमीटर बूस्टमध्ये जाऊच नका. नंतर डायनोवर (गाडी रोलरवर जागच्या जागी पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), कानाला नॉकिंगचा हेडफोन लावून, एकेक टप्पा. रस्त्यावर ट्यूनिंग करणारे असतात, त्यांच्याकडे गाडी देऊ नका.

चढावर तिसऱ्या गिअरला सलग बूस्ट राहतो आणि डायनोवर दहा सेकंदांत न दिसलेली उष्णता तिथे पाच मिनिटांत साठते. कूलंट १०५ डिग्रीच्या वर गेलं तर पाय उचला. हीच गोष्ट ट्रॅकच्या चौथ्या-पाचव्या फेरीला होते. थांबल्यावर लगेच किल्ली फिरवू नका, मिनिट-दोन मिनिटं आयडल द्या. नाहीतर तापलेल्या बेअरिंगमध्ये थांबलेलं तेल जळून कोळशासारखं चिकटतं आणि दोन-तीन महिन्यांत शाफ्ट जॅम होतो. पाणी फिरणाऱ्या टर्बोत हा धोका कमी.

गिअरबॉक्सला सुमारे ६० न्यूटन-मीटरची सवय आहे. ८५च्या पुढे टॉर्क गेला तर आधी क्लच घसरेल, तो बदलून जास्त दाबाचा टाकला तर दुसऱ्या गिअरचे दात जातील. म्हणून टॉर्क कापायचा तो खालच्या आरपीएमला बूस्ट कमी ठेवून. बारा इंची चाकांमागचे ब्रेक तेच आहेत, निदान डिस्क पॅड नवे आणि ब्रेक ऑइल ताजं असू द्या.